एकांडीचा दुसरा शरद

एका राज्यात दारे उघडेनाशी झाली होती. आधी राजवाड्याचा महादरवाजा अडकला, मग देवघराची कवाडे, मग धान्याची कोठारे. बिजागऱ्यांत कितीही तेल घाला, त्या जागच्या हलत नसत. लोक खिडक्यांतून ये-जा करू लागले. लग्नाच्या वराती खिडकीतून आत गेल्या, बाळंतिणी खिडकीतून माहेरी आल्या. कोणाला नवल वाटत नसे. राज्याचा राजाच सांध्यासांध्यांतून दगड होत चालला होता, आणि जिथे राजा अडे तिथे राज्य अडे.

राजाचे नाव हेमांगद. अडतिसाव्या वर्षी आश्विनी पौर्णिमेच्या सूर्योदयाला त्याच्या उजव्या पायाचा अंगठा दगड झाला. पुढच्या वर्षीच्या आश्विनी पौर्णिमेला घोटे. मग वर्षामागून वर्षे गुडघे, खुबे, मनगटे, कोपरे आणि खांदे. आता मान आणि बरगड्या एवढेच उरले होते. बरगड्या दगड झाल्या की श्वास थांबणार, हे राजवैद्याने पंचांग वाचावे तसे वाचून दाखवले होते.

राजाला एकच मुलगी. चैत्रात जन्मली म्हणून तिचे नाव दवणा. वय एकोणीस. नाव गार वासाचे, स्वभाव तापल्या तव्याचा. तिने भर दरबारात विचारले, "आबासाहेबांसाठी काय चाललं आहे?"

प्रधानजी म्हणाले, "जे चालत आलं आहे ते चाललं आहे, राजकन्ये."

"त्याने काय होतं आहे?"

"जे होत आलं आहे ते."

दरबाराने माना डोलावल्या. ज्यांच्या माना अजून डोलत होत्या, त्यांना घाई नव्हती. दवणाला होती.

या शापाची हकीकत अशी. दवणाचे आजोबा राज्य करीत होते तेव्हा राजबागेत काजळा नावाची एक माळीण होती. ती चेटूक जाणत होती, पण बागकामात वापरत नसे. तिने निळ्या डोंगरावरून एक कंद आणला. शरदात त्याला फूल आले. ना पान, ना देठ, उघड्या मातीतून फिकट जांभळा पेला वर यावा तसे फूल. लोकांनी त्याला एकांडी म्हटले. पुढे चैत्राच्या तोंडावर राणीसाहेबांच्या ताटात रानलसणीच्या पातीची भाजी आली. ती रानलसूण नव्हती. तिसऱ्या दिवशी राणीसाहेब गेल्या. ती पाने माळिणीच्या वाफ्यातली होती एवढे कळले, आणि राजाने पुढचे काही विचारले नाही. काजळाला निळ्या डोंगरावर नेऊन एका जुन्या झाडाच्या ढोलीत चिणून टाकले. चिणत असताना ती म्हणाली, "मला हलता येणार नाही, तर तुम्हालाही येणार नाही. ज्या दिवशी माझ्या कंदाला तुमच्या बागेत दुसरा शरद दिसेल, त्या दिवशी सुटाल."

आजोबा नऊ वर्षांत दगड झाले. ते अजून बागेच्या दाराशी उभे होते, उजवी मूठ आवळलेली. मुलगा हेमांगद तेव्हा चौदा वर्षांचा. तो गादीवर बसला आणि कारभार त्याच्या थोरल्या बहिणीने हाती घेतला. तिचे नाव यशोमती. सारे राज्य तिला आत्यासाहेब म्हणे. आत्यासाहेबांनी तीन वेळा स्वार पाठवले, तीन वेळा कंद आणवले. तिन्ही कंद पहिल्या शरदात फुलले, तिन्ही दुसऱ्या शरदाआधी मातीत कुजून गेले. कंदच वाईट निघाले, असे ठरले. आणि दरवर्षी पाडव्याच्या सकाळी आत्यासाहेब स्वतः चांदीच्या मुठीचा खराटा घेऊन बागेत उतरत आणि त्या वाफ्यातले हिरवे म्हणून जे असेल ते खरवडून काढीत. विषाचे पान पुन्हा कोणाच्या ताटात जाऊ नये, म्हणून. याला पाडव्याची झाडणी म्हणत. ही झाडणी एकदाही चुकली नव्हती.

श्रावणात एके सकाळी दवणा बापाच्या आसनापाशी गेली.

"आबासाहेब, मी निळ्या डोंगरावर जाते."

"तीन स्वार जाऊन आले, बाळ."

"ते कंद आणायला गेले होते. मी विचारायला जाते."

"काय विचारणार?"

"तो लावायचा कसा. जिचा कंद, तिला हे आजवर कोणीच विचारलेलं नाही."

राजा हसला. हसण्याने दुखावे असे त्याच्यात फारसे उरले नव्हते. "जा," तो म्हणाला. "खिडकीतून जपून उतर."

सात दिवस ती चालली. पहिली नदी उलटी, डोंगराकडे वर वाहत होती, म्हणून वाट विचारण्याऐवजी तिने तिचाच काठ धरला. पुढचे रान स्वतःच्या सावल्या गुंडाळून ठेवणारे होते, तिथून ती उन्हातून गेली. सातव्या दिवशी निळा डोंगर आला. माथ्यावर एक जुने झाड, झाडाला मातीने लिंपलेली ढोली, आणि लिंपणातल्या फटीतून बाहेर आलेली एक मोठी पिवळी चोच. आत धनेशाची मादी होती. धनेश पक्षीण अंडी घालते तेव्हा स्वतःला ढोलीत लिंपून घेते. ही मात्र अंड्यांवाचून बसली होती.

"कोण?" चोच म्हणाली.

"हेमांगद राजाची मुलगी, दवणा. तुम्ही काजळा ना?"

"होते. आता पिसं आहेत. कंद पाहिजे?"

"नंतर. आधी सांगा, तो आमच्याकडे जगत का नाही?"

चोच फटीतून आणखी बाहेर आली. "एकोणचाळीस वर्षांत हे विचारणारी तू पहिली," ती म्हणाली. "ऐक. एकांडीच्या फुलाची आणि पानाची कधी भेट होत नाही. आश्विनात फूल येतं, एकटं. फाल्गुनात पानं येतात, एकटी. मध्ये चार महिने माती कोरी. पानं उन्हात बसतात आणि खालच्या कंदाला जेवू घालतात. जेवलेला कंद पुन्हा फुलतो."

दवणा फटीजवळ सरकली. "ते विषाचं पान एकांडीचंच आहे?"

"कंद विषाचा, पान विषाचं, फूलही विषाचं. पण तिघं एकाच घरची."

"आणि आम्ही दर पाडव्याला..."

"त्याच्या तोंडचा घास काढून घेता. पहिल्या शरदात तो डोंगरावरच्या पुण्याईवर फुलतो. फळीवर ठेवलात तरी फुलेल. दुसऱ्या शरदासाठी घरचं अन्न लागतं."

दवणाला आत्यासाहेबांचा राग आला, प्रधानजींचा आला, आणि स्वतः लहानपणी त्या झाडणीत टोपली धरून उभी राहायची, त्याचाही आला. "कंद द्या," ती म्हणाली.

"तीन कामं आहेत. पहिलं, माझ्या कुरणातून कंद हाताने उकरायचा, त्याची तपकिरी साल फाटू न देता. दुसरं, घरी पोचून तो लावून होईपर्यंत ते हात तोंडाला लावायचे नाहीत."

"आणि तिसरं?"

"तिसरं सगळ्यांत अवघड. लावल्यावर त्याला हात लावायचा नाही."

"एवढंच?"

"एवढंच."

"पाणी?"

"आभाळ देईल."

"खत?"

"नको."

"मग मी करू काय?"

"थांब. आणि बाकीच्यांना थांबव," चोच म्हणाली आणि आत गेली.

कुरणात मातीखाली मोहरा उगवत होत्या. कंदाभोवती त्यांचा थर लागला होता. तीन स्वारांनी त्या खिशात भरल्या होत्या आणि घरी पोचल्यावर त्यांच्या बोटांना नखांऐवजी नाणी फुटली होती. दवणाने मोहरा खड्यांसारख्या बाजूला सारल्या. दीड वीत खोल उकरल्यावर कंद लागला, कांद्याएवढा, तपकिरी सालीचा. घाईघाईने बोटे घालणार तोच ती थांबली. मग तिने माती चिमटीचिमटीने काढली. सकाळपासून दुपारपर्यंत ती एका कांद्याभोवती बसून राहिली. जन्मात इतका वेळ ती कोणाजवळ बसली नव्हती. साल फाटली नाही.

परतीच्या सात दिवसांत तिचे हात विषाचे होते. ती पानावर वाकून वासरासारखी जेवली. नदीवर एका म्हातारीने तिला ताकभात वाढला आणि तिचे जेवण कौतुकाने पाहत उभी राहिली.

"हात मोडलेत का गं?"

"हात विषाचे आहेत, मावशी."

"बरं. नाक तरी पूस, शीत लागलंय."

"ते कसं पुसू?"

म्हातारीने स्वतःच्या पदराने पुसले.

भाद्रपदात दवणाने कंद राजबागेत लावला, हात राखेने सात वेळा धुतले, आणि वाफ्यापासून दूर झाली. आश्विन लागला तसे मातीतून फूल वर आले, ना पान, ना देठ, फिकट जांभळे. गावात नगारे वाजले. प्रधानजींनी पेढे वाटवले. पौर्णिमेच्या सूर्योदयाला राजाची मान दगड झाली.

नगारे थांबले. "कंद वाईट निघाला," प्रधानजी म्हणाले. राजवैद्य पुढे आला. "तो कंद उगाळून महाराजांना द्यावा. विषाने दगड विरघळतो असं जुन्या पोथीत आहे."

"आधी तुम्ही चाखा, वैद्यराज," दवणा म्हणाली.

वैद्याला एक तातडीचा रोगी आठवला आणि तो खिडकीतून निघून गेला.

फूल कोमेजले. माती कोरी झाली. फाल्गुनात तीन पाने वर आली, रुंद, तुकतुकीत, ऐन भुकेच्या वेळी खुडून घ्यावीशी वाटणारी. पाडव्याच्या सकाळी आत्यासाहेब खराटा घेऊन आल्या. मागे टोपल्या घेतलेल्या बायका, त्यांच्या मागे प्रधानजी, आणि पालखीतून आणलेला राजा. त्याची मान समोर वळलेली होती म्हणून त्याला वाफ्यासमोर ठेवले होते.

दवणा वाफ्यात बसली होती, पाने दोन्ही पायांच्या मध्ये घेऊन.

"ऊठ, दवणे," आत्यासाहेब म्हणाल्या.

"नाही उठणार."

"मी तुला विचारलेलं नाही."

"तुम्ही कोणालाच काही विचारलेलं नाही, आत्यासाहेब. म्हणून तर आपण इथे आहोत." मग तिने पक्षिणीचे सारे सांगितले. फूल कधी, पान कधी, कंद काय खातो.

बायकांच्या टोपल्या खाली आल्या. आत्यासाहेबांचा खराटा मात्र वरच राहिला. "ज्या पानाने माझी आई नेली, ते मी या बागेत वाढू देणार नाही. मग ते कोणाचंही असो."

"आबासाहेब गेले तरी?"

आत्यासाहेब पुढे सरकल्या. खराट्याचे टोक पानांपर्यंत आले. दवणाने मुदपाकखान्यातून आणलेली रानलसणीची पात कनवटीतून काढली आणि चुरगळली. तिखट, ओला वास साऱ्या बागेत पसरला.

"ही रानलसूण. चुरगळली की वास येतो. एकांडीच्या पानाला वास नसतो. आजीच्या भाजीची पात ज्या कोणी खुडली, त्याने एकदा हुंगली असती तर कळलं असतं. पानं खरवडायची गरज नाही. हुंगायला शिकवायची आहे."

"हुंगली होती," आत्यासाहेब म्हणाल्या. "वास नव्हता. मला वाटलं, कोवळी आहे म्हणून नसेल."



आत्यासाहेबांनी खराटा जमिनीवर टेकवला आणि त्याच्या मुठीवर दोन्ही हात ठेवले. "मी सात वर्षांची होते. आईला रानलसणीची भाजी आवडायची. काजळा म्हणाली होती, या वाफ्यात जायचं नाही, बाईसाहेब. मी ती नसताना गेले. ओटीत भरून पात आणली, स्वयंपाकिणीच्या हातात दिली. आई म्हणाली, माझ्या लेकीने आणली, दोन घास जास्त खाते." "काजळाला नेलं तेव्हा मी वाफ्यापलीकडच्या त्या झाडामागे उभी होते. बोलेन बोलेन म्हटलं आणि बोलले नाही. मग दरवर्षी झाडलं."

दवणाच्या जिभेवर पुष्कळ आले. तिने त्यातले अर्धे गिळले. अर्धे तरी बोललेच पाहिजे होते.

"सात वर्षांच्या मुलीने चुकीचं पान आणलं, ती चूक. तिला कोणी रागावू नये. पण सत्तेचाळीस वर्षांची बाई दर पाडव्याला खराटा घेऊन गप्प राहिली, ती चूक नाही, आत्यासाहेब. त्याला दुसरं काही म्हणतात. ते तुम्हीच ठरवा."

आत्यासाहेब पालखीकडे वळल्या. भावाच्या समोर गेल्या, कारण तो त्यांच्याकडे वळू शकत नव्हता. "हेमू," त्या म्हणाल्या. हे नाव चाळीस वर्षांत कोणी ऐकले नव्हते. "आई माझ्यामुळे गेली. आबा माझ्यामुळे दगड झाले. तू माझ्यामुळे होतो आहेस. मला क्षमा आहे का?"

राजा बराच वेळ समोर पाहत राहिला. त्याला दुसरीकडे पाहताच येत नव्हते. "अक्का," तो म्हणाला, "याचं उत्तर तोंडाने देण्यासारखं नाही. मान सुटली तर देईन."

आत्यासाहेबांनी खराटा बाजूला टाकला, पदर खोचला आणि त्या वाफ्याच्या कडेला दवणाशेजारी बसल्या. "काट्याचं कुंपण घाला," त्या बायकांना म्हणाल्या. "गाय येता कामा नये, पोर येता कामा नये, स्वयंपाकीण तर नाहीच. आणि पुरोहितांना सांगा, यंदा झाडणी नाही. का नाही ते मी स्वतः चावडीवर सांगणार आहे."

त्यांनी सांगितले. लोकांनी ऐकले. काहींनी पाठ फिरवली, काहींनी त्यांच्या घरी ताक पाठवले.

पाने चैत्रभर आणि वैशाखभर ऊन खात राहिली. ज्येष्ठात पिवळी पडली, आडवी झाली, गेली. "मेला," प्रधानजी कुंपणाबाहेरून म्हणाले. आषाढात मातीवर नुसते पाणी. श्रावणात काही नाही. भाद्रपदातही काही नाही. दवणाला रोज वाटे, एकदा बोटभर उकरून पाहावे, आहे की गेला. एका दुपारी तिची बोटे मातीला लागलीसुद्धा. तिने हात मागे घेतले आणि स्वतःच्याच पदराने बांधून घेतले.

"डोंगर चढून आलीस आणि आता बोटांना राहवत नाही," आत्यासाहेब म्हणाल्या.

"चढणं सोपं होतं. तिथे काहीतरी करता येत होतं."

"मला विचार. मी चाळीस वर्षं काहीतरीच करत होते."

आश्विनी पौर्णिमेची पहाट फटफटली तेव्हा माती कोरीच होती. राजाला वाफ्यापाशी आणले. पूर्व तांबडी झाली. राजाचा श्वास आखूड होऊ लागला, पाणी खाली गेलेल्या विहिरीत आखूड दोराचा पोहरा पोचू नये तसा. दवणा बापाच्या छातीवर हात ठेवून उभी होती. तिच्या तळव्याखाली बरगड्या गार होत होत्या, एकेक करून, खालून वर. तिने मोजल्या नाहीत. तिने मातीवरची नजरही काढली नाही.

"आबासाहेब, थांबा," ती म्हणाली. "एवढं एकदाच थांबा."

सूर्याची कड वर आली आणि वाफ्यातली माती तडकली.

पांढुरके टोक वर आले, मग जांभळे झाले, मग उमलले. ना पान, ना देठ. त्याच्या शेजारी दुसरे आले, आणि तिसरे, कारण पोटभर जेवलेल्या कंदाला मातीखाली पिल्ले झाली होती.

राजाने श्वास घेतला. तो आत जात राहिला, जात राहिला, जणू नऊ वर्षांचा एकदम घ्यायचा होता. आत्यासाहेब फुलांकडे पाहत नव्हत्या. त्या जमिनीकडे पाहत होत्या. जाते फिरावे तसा आवाज झाला, आणि राजाची मान हळूहळू बहिणीच्या बाजूला वळली. त्याने तिच्याकडे पाहिले. मग मान एकदा खाली गेली आणि वर आली.

तेव्हा कुठे आत्यासाहेब रडल्या.

राज्यातली सारी दारे एकदम उघडली. इतका करकराट झाला की तान्ही मुले जागी झाली. बागेच्या दाराशी दगडी आजोबांची उजवी मूठ उघडली. आत राणीसाहेबांच्या ताटातल्या पातीचा वाळलेला चुरा होता. तो वाऱ्याने गेला, आणि आजोबांनी खांदे सैल सोडले. ते दगडच राहिले, पण दमून उभ्या असलेल्या माणसासारखे दिसेनासे झाले.

दुपारी महादरवाजातून एक म्हातारी आत आली. केसांत धनेशाचे एक पीस अडकले होते. ती सरळ वाफ्यापाशी गेली, तीन फुले पाहिली आणि म्हणाली, "खत घातलं नाहीस ना?"

"नाही," दवणा म्हणाली.

"आणि उकरून पाहिलं?"

"पाहणार होते."

"मी असते तर पाहिलं असतं," काजळा म्हणाली. मग ती आत्यासाहेबांकडे वळली. आत्यासाहेब तिच्या पायांशी वाकल्या तेव्हा तिने त्यांना उठवले नाही. चाळीस वर्षांच्या ढोलीला तेवढा वेळ हवा होता. पण पाय मागेही घेतले नाहीत.

पुढे राजबाग काजळाची झाली, आणि तिच्या हाताखाली दवणा. त्या राज्यात आजही पाडव्याला खराटा बागेत जात नाही. त्या सकाळी पोरांना कुंपणाबाहेर उभे करतात, हातात रानलसणीची पात देतात, चुरगळायला लावतात, हुंगायला लावतात. मग आतल्या एकांडीची तुकतुकीत पाने दाखवून सांगतात की हिला वास नाही, हिच्याजवळ जायचे नाही, आणि हिला उपटायचेही नाही. हे सांगण्याचे काम आत्यासाहेब करीत, हयात होत्या तोवर. सुरुवात त्या दरवेळी अशीच करीत, "मी सात वर्षांची होते."

त्या राज्याची दारे उघडी राहिली. ज्यांनी ही गोष्ट ऐकली त्यांचीही राहोत.